पात्राचा पेहराव नेमके काय सांगतो?

नवोदित कथाकाराच्या कथेत एखादे पात्र प्रथम प्रवेश करते, तेव्हा बहुधा एक अख्खा परिच्छेद त्याच्या दिसण्यासाठी राखून ठेवलेला असतो. आधी उंची, वर्ण, नाक, डोळे आणि केस; मग सदऱ्याचा किंवा साडीचा रंग; आणि शेवटी चेहऱ्यावरचा भाव. एवढे सांगून झाले की वर्णन संपते आणि कथा सुरू होते. वाचक असा परिच्छेद भरभर ओलांडतो. दोन पाने उलटल्यावर नायकाचा सदरा निळा होता की करडा, हे त्याला आठवत नाही आणि न आठवल्याने त्याचे काही अडतही नाही. याउलट, काही जुन्या कथांचे कथानक पुसट झालेले असते. पण त्यातला एखादा कोट, एखादी झिजलेली वहाण, एखादे विरलेले लुगडे वर्षानुवर्षे मनातून जात नाही. दोन्हीकडे लेखकाने पेहरावच वर्णिलेला असतो. मग फरक पडतो कोठे?

फरक असा की, पोशाख आपण होऊन स्वभाव सांगत नाही. माणूस आपल्या पोशाखाचे काय करतो, यातून स्वभाव कळतो. तो काय जपतो, काय लपवतो, काय मिरवतो, कशाला नकार देतो आणि कोणासाठी काय अंगावरून उतरवून ठेवतो, हे कळले की माणूस कळू लागतो. ‘त्याने मळकट धोतर नेसले होते’ या वाक्यातून फार तर गरिबी किंवा गबाळेपणा कळेल. ‘पाहुणा दारात दिसताच त्याने धोतराचा विरलेला सोगा मांडीखाली दुमडून घेतला’ असे म्हटले की, त्याच गरिबीकडे तो स्वतः कसे पाहतो हेही कळते. पहिल्या वाक्यात वस्तू आहे. दुसऱ्यात वस्तूबरोबर माणूसही आला आहे.

वेश ही समाजाची भाषा

लेखकाने सांगो वा न सांगो, वाचक पोशाख वाचतोच; कारण समाजाने त्याला ते वाचन पिढ्यानपिढ्या शिकवले आहे. कोणाच्या डोक्यावर काय असावे, कोणी गुडघ्याच्या खाली नेसावे आणि कोणी वर, कोणत्या स्त्रीने कुंकू लावावे आणि कोणी लावू नये, याचे नियम आपल्याकडे फार काटेकोर होते. डोक्यावरच्या पगडीवरून माणूस पुण्याचा की ग्वाल्हेरचा, हे जाणत्याला ओळखता येई. पुणेरी, शिंदेशाही, गायकवाडी ही नुसती कापड बांधण्याच्या तऱ्हांची नावे नव्हती. त्यांत एकेक दरबार आणि एकेक इतिहास सामावलेला होता.

हे वाचन नेहमीच निरुपद्रवी होते असे मात्र नाही. गोमंतकात १७३६ मध्ये इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात धर्मांतरित स्थानिक पुरुषांना धोतर, म्हणजेच पुडवें, नेसण्यास आणि स्त्रियांना चोळी घालण्यास मनाई करण्यात आली. घरातल्या अनेक चालीरीतींवर बंदी घालणाऱ्या त्या फर्मानाला अंगावरचे वस्त्रही महत्त्वाचे वाटले. कारण धर्म बदलूनही माणसाची जुनी ओळख त्या वस्त्रात शिल्लक राहते, हे सत्तेने ओळखले होते. पुढे दोन शतके लोटल्यावर, डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले, त्यातही पेहरावाचा विषय होता. लुगडे नेसण्याची विशिष्ट पद्धत आणि विशिष्ट दागिने यांवरून अस्पृश्यता ओळखू येते. तेव्हा त्या खुणा टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. एकीकडे सत्ता माणसाच्या अंगावरचे वस्त्र काढून घेऊ पाहत होती. दुसरीकडे माणसे आपल्यावर लादलेली खूण स्वतः उतरवून टाकत होती. वस्त्र तेच असले तरी निर्णय कोणाचा, यावर त्याचा अर्थ ठरतो.

कथाकाराने हा इतिहास ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. पात्राच्या अंगावर तो जे घालतो, ते वाचक केवळ डोळ्यांनी पाहत नाही; त्या वस्त्राला चिकटलेले ग्रहही त्याच्यापर्यंत पोहोचतात. लेखकाने विचार न करता हे ग्रह वापरले तर तो माणूस उभा करत नाही, समाजाने आधीच तयार करून ठेवलेला साचा पुन्हा वापरतो.

दिसण्याचे चार थर

पात्राचे दिसणे चार थरांत पाहिले तर बराच उलगडा होतो. पहिला थर निसर्गाने दिलेल्या रूपाचा : वर्ण, बांधा, नाकडोळे, व्यंग. दुसरा समाजाने लादलेल्या खुणांचा. तिसरा परिस्थितीने भाग पाडलेल्या गोष्टींचा. म्हणजे पैसा, हवामान आणि काम यांमुळे अंगावर आलेल्या कपड्यांचा. चौथा थर माणसाने स्वतः निवडलेल्या गोष्टींचा. यांपैकी स्वभावाशी थेट नाते असते ते फक्त चौथ्याचे. पहिल्या तिन्हींवर पात्राचा ताबा नसतो. तेथे स्वभाव दिसतो तो वाट्याला आलेले त्याने कसे सोसले, कसे वागवले किंवा कसे झुगारले यातून.

पहिल्या थरावरून स्वभाव सुचवण्याची चूक सर्वांत जुनी आणि सर्वांत अन्यायकारक आहे. खलनायक काळा, एका डोळ्याने अधू किंवा लंगडा, नायिका गोरीपान, विनोदी पात्र लठ्ठ, कंजूष माणूस किडकिडीत, आणि बिघडलेली स्त्री म्हणजे आखूड केसांची, ओठ रंगवलेली. हे साचे कथा, नाटक आणि चित्रपट यांतून इतके घोटले गेले आहेत की, लिहिणाऱ्याच्या हातून ते नकळत उतरतात. नाकाच्या आकारावरून कोणी दुष्ट ठरत नाही, हे लेखकाला माणूस म्हणून ठाऊक असते; लिहिताना मात्र त्याचा विसर पडतो. अशा वर्णनाने पात्र तर सपाट होतेच. शिवाय त्या वर्णाचा, त्या बांध्याचा, त्या व्यंगाचा जो वाचक कथा हाती घेऊन बसलेला असतो, त्याच्यावर कारण नसताना निकाल दिला जातो.

लादलेला वेश

दुसऱ्या थराचे सामर्थ्य मराठी कादंबरीने अगदी आरंभीच ओळखले होते. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो आणि तिचा विषयच हिंदू विधवांची स्थिती हा आहे. त्यानंतर हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. तिची नायिका यमू आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते. पतीच्या निधनानंतर तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन केले जाते.

येथे बाह्यरूपातला बदल हा कादंबरीचा सर्वांत दारुण प्रसंग आहे. पण त्यातून यमूचा स्वभाव सांगितला जात नाही, आणि हेच महत्त्वाचे. तिचे रूप बदलणाऱ्यांचा स्वभाव तेथे उघडा पडतो. ज्या समाजात विधवेचे केस हा घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होतो, त्या समाजाचा चेहरा यमूच्या मस्तकावर दिसतो. यमू कशी आहे, हे वाचकाला आधीच तिच्या बोलण्यातून, वाचनातून, पतीशी असलेल्या तिच्या नात्यातून कळलेले असते. म्हणूनच त्या प्रसंगी वाचकाला एक विधवा दिसत नाही, यमू दिसते. पात्र आधी माणूस म्हणून उभे राहिले असेल, तरच त्याच्यावर लादलेली खूण वाचकाला खूण म्हणून बोचते. नाहीतर ती नुसतीच ओळख ठरते.

परिस्थिती आणि कपड्याची किंमत

तिसऱ्या थरात लेखकाला उपयोगी पडणारा प्रश्न एकच : हा कपडा पात्राला कितीला पडला? रुपयांत नव्हे, आयुष्यात.

निकोलाय गोगोल यांची १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ओव्हरकोट’ ही रशियन दीर्घकथा या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच लिहिल्यासारखी आहे. अकाकी अकाकीयेविच हा पीटर्सबर्गच्या कचेरीतला नकलनवीस कारकून. त्याच्या कोटाला ठिगळे लावायलाही कापड उरलेले नसते. सहकारी त्या कोटाची टिंगल करतात. शिंपी तो दुरुस्त करायला साफ नकार देतो. नव्या कोटासाठी अकाकी संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावणे बंद करतो, आणि बुटांचे तळवे झिजू नयेत म्हणून रस्त्याने हलक्या पावलांनी चालू लागतो. उंची केसाळ कातड्याची कॉलर परवडत नाही, तेव्हा तो आणि शिंपी मिळून मांजराचे कातडे निवडतात. लांबून पाहणाऱ्याला ते उंचीच वाटावे असे. या एका तपशिलात अकाकीचे सारे जग आले : त्याची ऐपत, त्याची हौस, आणि जगाने आपल्याकडे लांबून का होईना, पण बरे पाहावे ही त्याची भाबडी इच्छा. कोट अंगावर आल्यावर तो बदलतो. कधी कोठे न जाणारा हा माणूस रात्री मेजवानीला जातो, आणि वाटेत दुकानाच्या उजळलेल्या काचेतले चित्र पाहत थबकतो. त्याच रात्री कोट चोरीस जातो, आणि त्यापाठोपाठ माणूसही संपतो. कोटाचे वर्णन काढून टाकले तर या कथेत काही उरत नाही. पण तो कोट कसा दिसत होता यापेक्षा त्याने अकाकीचे काय केले, हेच गोगोल सांगत राहतात.

मराठी वाचकाला या बाबतीत दूर जाण्याची गरज नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये कापडाची किंमत अशीच माणसांच्या मनाशी जोडलेली आहे. आईचे स्वतःचे लुगडे जुने झालेले असतानाही, भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे ती नवऱ्याच्या नव्या धोतरासाठी खर्च करते. श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि पावसापाण्यातून तो घरी घेऊन येतो. धोतराचा काठ कसा होता, कोटाचे कापड कोणते होते, हे वाचक विसरतो. ते कोणी कोणासाठी आणले, हे विसरत नाही. घरातली कोणती व्यक्ती स्वतःच्या आधी कोणाला नवे कपडे घेते, या एका गोष्टीवर एखाद्या कुटुंबाची पूर्ण कथा लिहिता येईल.

निवडलेला वेश

चौथा थर पात्राच्या स्वतःच्या निवडीचा. येथे लेखक स्वभाव थेट सुचवू शकतो. मात्र त्या निवडीला सातत्य आणि कारण असावे लागते. अंतोन चेखव यांच्या १८९८ मधील ‘कोशातला माणूस’ या कथेतला ग्रीक भाषेचा शिक्षक बेलिकोव स्वच्छ उन्हातही रबरी जोडे, छत्री आणि कापूस भरलेला गरम कोट घालून बाहेर पडतो. त्याच्या छत्रीला खोळ, घड्याळाला खोळ, पेन्सिल तासायच्या चाकूलाही खोळ. कॉलर वर केलेली, डोळ्यांवर काळा चष्मा, कानांत कापसाचे बोळे. ही यादी वाचताना प्रथम हसू येते. पण कथा पुढे सरकते तसे कळते की, या माणसाने आपल्या भीतीचीही खोळ शिवली आहे आणि ती तो साऱ्या गावावर घालू पाहतो. त्याच्या धाकाने इतर माणसेही मोकळे बोलायला, वाचायला, भेटायला बिचकू लागतात. अखेर तो मरतो, तेव्हा शवपेटीत त्याचा चेहरा प्रसन्न दिसतो. कधीच बाहेर पडावे लागू नये असा कोश त्याला मिळालेला असतो. त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी पाऊस असतो, आणि सारे लोक रबरी जोडे घालून, छत्र्या घेऊन आलेले असतात. गावाने बेलिकोवला पुरले, पण त्याचा वेश आपल्या अंगावर घेतला. एका सवयीच्या पुनरुक्तीतून चेखव व्यक्तीकडून समाजाकडे कसे जातात, हे अभ्यासण्यासारखे आहे. पहिल्या पानावरचा रबरी जोडा शेवटच्या पानावर परत येतो, आणि तोवर त्याचा अर्थ पालटलेला असतो.

कोणाच्या डोळ्यांनी?

पेहरावाच्या वर्णनात आणखी एक प्रश्न अनेकदा सुटून जातो : हे पाहते आहे कोण? टॉलस्टॉय यांच्या ‘ॲना कॅरेनिना’त नृत्यसमारंभाला ॲना काळ्या मखमलीच्या पोशाखात येते. ते रूप वाचकाला दिसते तरुण किटीच्या नजरेतून. ॲना फिक्या जांभळ्या रंगात येईल, अशी किटीची कल्पना असते. काळ्या पोशाखात तिला पाहताच, आपल्याला ॲनाचे सौंदर्य आजवर कळलेच नव्हते, हे तिच्या ध्यानात येते. त्याच संध्याकाळी किटी ज्याच्याकडून मागणीची आशा बाळगून असते, तो तरुण ॲनाकडे ओढला जातो. काळी मखमल ॲनाबद्दल काही सांगते. पण ती पाहणाऱ्या किटीच्या मनातील कौतुक, आणि लवकरच उसळणारी वेदना, हेही त्याच वर्णनात सामावते.

याच कादंबरीत ॲना पीटर्सबर्गला परतते, तेव्हा स्थानकावर न्यायला आलेल्या नवऱ्याचे कान तिच्या नजरेत भरतात. हे कान असे का दिसतात, असे तिला वाटते. कान तर वर्षानुवर्षे तेच होते. बदलली होती ती पाहणारीची नजर. निसर्गदत्त रूपाचा उपयोग करायचाच असेल तर तो असा करावा. कानांवरून नवऱ्याचा स्वभाव ठरत नाही. त्या कानांकडे गेलेल्या लक्षावरून बायकोचे मन कळते.

खेड्यातल्या कथेत तर पाहणारे डोळे एकदोन नसतात, सारे गाव पाहत असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ मधील ‘बनगरवाडी’त धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला आलेला तरुण मास्तर कारभाऱ्याच्या मुलीची, अंजीची, चोळी शिवून आणून देतो. त्याच्या मनात काही नसते. पण तरण्या मुलीची चोळी परक्या पुरुषाने आणावी, याचा अर्थ कारभारी वेगळाच लावतो. चोळीचा रंग, तिची वीण यांचे वर्णन न करताही त्या कापडाच्या तुकड्यातून मास्तराचा भोळेपणा, अंजीचा निर्धास्तपणा आणि कारभाऱ्याचा मानीपणा एकदम समोर येतो. एका वस्त्रावर तीन माणसे उभी राहतात.

बदललेला वेश, हरवलेली ओळख

वेशातला बदल काळाचा हिशेबही सांगतो. रवींद्रनाथ टागोरांच्या ‘काबुलीवाला’ या कथेत रहमत प्रथम येतो तो सैल मळकट कपडे, डोक्याला पागोटे, खांद्यावर झोळी आणि हाती द्राक्षांच्या पेट्या अशा थाटात. छोटी मिनी आधी घाबरते ती त्या झोळीला, आणि मैत्री जमते तीही त्या झोळीवरूनच. अनेक वर्षांनी तुरुंगातून सुटून रहमत येतो, तेव्हा मिनीच्या वडिलांना तो प्रथम ओळखूच येत नाही. झोळी नाही, लांब केस नाहीत, अंगातला जोम नाही. त्याच दिवशी मिनीही नववधूच्या वेशात समोर येते, आणि आता गोंधळण्याची पाळी रहमतची असते. आपली दूरदेशीची मुलगीही अशीच मोठी झाली असेल, हे त्याला त्या क्षणी उमगते. काळ लोटला, असे सांगणारे वाक्य येथे लिहावे लागत नाही. दोन वेश बदलले, एवढ्यावर भागते. पात्राचा पहिला वेश लेखकाने विचारपूर्वक निवडला असेल, तरच नंतरच्या वेशाला असा अर्थ येतो.

एक उदाहरण करून पाहू

हे सारे प्रत्यक्ष लेखनात कसे उतरते, हे एका कल्पित प्रसंगावरून पाहता येईल. निवृत्त तलाठी मुलीच्या सासरी प्रथमच जेवायला गेला आहे. नवोदित लेखक बहुधा असे लिहील : ‘तो गरीब, पण स्वाभिमानी होता. त्याने जुना पांढरा शर्ट आणि तपकिरी कोट घातला होता.’ यातले पहिले वाक्य निकाल देते आणि दुसरे कपाटाची यादी वाचून दाखवते. दोहोंचा एकमेकांशी संबंध वाचकाने गृहीत धरायचा.

आता तोच प्रसंग असा लिहिता येईल : ‘शर्टाची कॉलर विरली तेव्हा त्याने ती शिंप्याकडून उलटून घेतली होती. पाठीवरच्या ठिगळाला मात्र उपाय नव्हता, म्हणून वर कोट चढवला होता. मे महिन्याची दुपार होती. कोट काढून आरामात बसा, असे विहीणबाई दोनदा म्हणाल्या. राहू दे, मला पंख्याचा वारा बाधतो, असे म्हणत त्याने कपाळावरचा घाम टिपला.’ येथे ‘गरीब’ आणि ‘स्वाभिमानी’ हे दोन्ही शब्द गेले. पण दोन्ही गोष्टी राहिल्या. कोटाचा रंगही गेला, कारण त्याचे काही काम नव्हते. उलटलेली कॉलर राहिली. पैसा नसतानाही नीटनेटके राहण्याची त्याची धडपड तिच्यातून दिसते.

याच प्रसंगात पाहणारी नजर आणली तर तो आणखी खोल जातो : ‘मुलगी स्वयंपाकघरातून पाट मांडायला आली. तिने वडिलांकडे पाहिले, कोटाकडे पाहिले, आणि काही न बोलता पाट खिडकीशी, वाऱ्याच्या बाजूला सरकवला.’ आता त्या कोटाखालचे ठिगळ मुलीला ठाऊक आहे हे वाचकाला कळले. तिला ते झाकायचे आहे, हेही कळले. आणि वडील-मुलीचे नातेही कळले. कोट एकच, पण त्याने दोन माणसे दाखवली.

या उदाहरणातून काही सोपे प्रश्न हाती लागतात. हा कपडा पात्राने निवडला की त्याच्या वाट्याला आला? त्यासाठी त्याने काय सोडले? त्याला तो कोणापुढे मिरवायचा आहे आणि कोणापासून लपवायचा आहे? तो कोणाला दिसतो आहे? कथेच्या शेवटी त्याचे काय होते? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नसलेला तपशील खुशाल गाळावा. चांगल्या कथेला पात्राचा सगळा कपडेपट लागत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’मधील चितळे मास्तर आठवताना वाचकांना त्यांच्या झिजलेल्या वहाणा आठवतात. गावातल्या पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवण्यासाठी जन्मभर केलेली पायपीट सांगायला तेवढ्या पुरतात.

स्थळ आणि काळ यांचे भान

एक सावधगिरी मात्र घेतलीच पाहिजे. पेहराव बोलका व्हायचा तर तो आधी खरा असावा लागतो. गोव्यातल्या कुणबी स्त्रीच्या अंगावरचे तांबड्या चौकड्यांचे कापड आणि त्याची खांद्यावरची गाठ, बेळगावकडच्या बाईचे इरकली लुगडे आणि खणाची चोळी, इंदूरच्या घरातली माहेश्वरी, ग्वाल्हेरकडची चंदेरी हे फरक ठाऊक नसतील, तर ‘तिने पारंपरिक साडी नेसली होती’ या गुळमुळीत वाक्यावर वेळ मारून न्यावी लागते. त्या वाक्यातली बाई कोणत्याच गावची नसते.

काळाचेही तसेच. एकाच घरात सासू नऊवारीत आणि सून गोल पाचवारीत, हा एके काळी मराठी कुटुंबातला केवढा मोठा वाद होता! आजच्या वाचकाला त्यातली बंडखोरी आपोआप कळणार नाही. ती लेखकाला प्रसंगातून जागी करावी लागेल. पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यावर लिहिणाऱ्याला, कचेरीत सूट-टाय लावून जाणारा आणि घरी येताच पंचा गुंडाळून ओसरीवर बसणारा एखादा गृहस्थ सुचू शकतो. तो दिवसातून दोनदा कपडे बदलतो. त्यांत त्याची भाषा, त्याचा आवाज, बसण्याची ढबही बदलते का? दोहोंपैकी कोणता वेश त्याला आपला वाटतो? सूट अंगावर असतानाच कोणी त्याला पंच्यातल्या नावाने हाक मारली, तर तो ओ देईल का? अशा प्रश्नातून कथा सुरू होते.

ही माहिती मिळवण्यासाठी ग्रंथालयाइतकाच उपयोग घरातल्या जुन्या छायाचित्रांचा, शिंप्याच्या दुकानाचा आणि आजी-आजोबांशी केलेल्या गप्पांचा होतो. कोणता कपडा सणाला निघे, कोणता मोठ्या भावाकडून धाकट्याकडे येई, कोणत्या लुगड्याची पुढे गोधडी झाली, हे सांगताना माणसे कपड्यांविषयी बोलत आहेत असे वरवर वाटते. थोडे लक्ष देऊन ऐकले की कळते, ती आपल्या माणसांविषयी बोलत आहेत. कथाकाराला ऐकायचे आहे ते हेच.

रस्त्यावर, बसमध्ये, बाजारात आपण अनोळखी माणसाला त्याच्या कपड्यांवरून क्षणात जोखतो आणि पुढे जातो. बहुतेक वेळा हा निकाल चुकीचा असतो, आणि तो चुकला हे आपल्याला कधीच कळत नाही. कथेत मात्र त्या माणसापाशी थांबता येते. त्याच्या कोटाखालचे ठिगळ, त्या ठिगळामागचे कारण आणि ते झाकणारा हात दिसेपर्यंत लेखक वाचकाला तेथे थांबवून ठेवू शकतो. कथा मिटून बाहेर पडलेला वाचक बाजारातल्या पुढच्या माणसाकडे पाहताना निकालाची थोडी कमी घाई करील, तर पात्राच्या पेहरावावर खर्च केलेले शब्द सत्कारणी लागले असे म्हणता येईल.